दस्तगीरमामांचा दर्या

लातुरात दस्तगीरमामांच्या बसइतका मोठा हॉर्न दुसऱ्या कुठल्या गाडीला नव्हता, आणि तो मामांइतका दुसऱ्या कुणी वाजवलाही नसता. गंजगोलाईच्या गोल बाजाराला वळसा घालताना त्यांचा हात हॉर्नवरून निघत नसे. समोर माणूस असो, म्हैस असो, की नुसतं ऊन असो. कुणी हटकलं तर म्हणायचे, "हॉर्न न्हाई वाजवला तर मान्सांला कळावं कसं, आपन येऊन राहिलो म्हनून?"

पण हाच माणूस सहल घेऊन कोकणात उतरला, शेवटचा घाट मागे पडला आणि नारळाची झाडं दिसायला लागली, की हॉर्नवरचा हात उचलून मांडीवर ठेवायचा. टेप बंद करायचा. मागे वळून ओठांवर बोट ठेवायचा.

"आता गप. दर्या आला."

दर्या अजून दोन-तीन गावं लांब असायचा. पोरं खिडकीतून माना काढून बघत आणि दिसायचा फक्त एखादा आंबा. तरी मामांचा हुकूम म्हणजे हुकूम. एकदा तिथल्या अरुंद रस्त्यात एक म्हैस आडवी उभी होती. लातूरच्या म्हशीला त्यांनी हॉर्ननं थेट उदगीरपर्यंत पळवलं असतं. इथं ते खाली उतरले, तिच्याजवळ गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, जरा सरकता का? लेकरं हायेत गाडीत." म्हैस सरकली नाही. आम्ही सगळे बसमध्ये बसून राहिलो, आणि मामा म्हशीशेजारी उभे राहिले, ती निघेपर्यंत.

मी मूळचा लोह्याचा. लातुरात मुळेसरांच्या क्लासमध्ये बायोलॉजी शिकवायला आलो आणि मामांच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली. भूकंपानंतरची ती वर्षं. लातूर जिल्ह्यात तेव्हा दोनच गोष्टी भराभर उभ्या राहत होत्या, पत्र्याच्या शेडा आणि क्लास. आमच्या गल्लीत तर ज्याच्या घराला वरचा मजला होता त्यानं मुलींचं होस्टेल काढलं, ज्याला नव्हता त्यानं मेस काढली, आणि ज्याला दोन्ही जमलं नाही तो फिजिक्स शिकवायला लागला. अकरावीची परीक्षा झाली की मुळेसर पोरांना कोकणात सहलीला नेत. "बारावी गिळायच्या आत एकदा समुद्र दाखवून आणू," असं त्यांचं म्हणणं. दिवाळीच्या सुट्टीतही एक छोटी सहल असे. बस मामांची, आचारी मामांचा, आणि पोरांवर नजर ठेवायला मी.

मामा पूर्वी एसटीत ड्रायव्हर होते. भूकंपानंतर त्यांनी ती नोकरी सोडली. का, ते कुणी विचारलं नव्हतं. तेरणा नदीकाठच्या एका गावचे आहेत, एवढं गल्लीला माहीत होतं, आणि त्या भागातल्या माणसाला पुढचा प्रश्न विचारायचा नाही हे लातुरात तेव्हा लहान पोरालाही कळत असे. मामा एकटे राहत, शेजारच्या मेसमध्ये जेवत, आणि वाढणाऱ्या बाईला प्रत्येक वेळी "आता बास, बहीण" म्हणून एक पोळी जास्त खात.

त्यांचं एक पालुपद होतं. बस समुद्राजवळ थांबली की ते दारात उभे राहायचे आणि उतरणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "पाव्हना हाव ना? मग पाव्हन्यावानी ऱ्हावं." पोरांना ते पाठ झालं होतं. पुढंपुढं मामांनी तोंड उघडायच्या आत सगळी बस एका सुरात ते ओरडायची. मामा खूश होऊन म्हणायचे, "हाव! पन हळू."

पाहुण्यासारखं राहणं म्हणजे काय, याचे नियम त्यांचे त्यांनीच ठरवले होते. परत निघताना ते बसच्या पायरीवर बसत आणि प्रत्येकाची पिशवी उघडून बघत. शिंपला, शंख, काहीही सापडलं की कानाला लावायचे. "हॅलो? कोन हाय का घरात?" पोरं हसून बेजार व्हायची. मामा मात्र हसत नसत. नांदेडच्या एका पोरानं सुंदर टोकदार शंख कंपासपेटीत लपवला होता. मामांनी पेटी उघडली, शंख कानाला लावला, आणि त्यातून एक चिमुकली नांगी बाहेर येऊन त्यांच्या कानाच्या पाळीला लागली. मामा बसल्या जागी उडाले. पोरांना वाटलं, आता त्या पोराचं काही खरं नाही. मामांनी कान चोळला आणि त्या शंखालाच म्हणाले, "माफ कर बाबा. लेकरू हाय. न्हाई कळलं त्येला." मग बस थांबवून ठेवून पुळणीवर परत गेले आणि तो पाण्याच्या कडेला ठेवून आले.

मी त्यांना सांगितलं, की शंखातला हा खेकडा स्वतः शंख बनवत नाही, रिकामा मिळेल त्यात राहायला जातो, आणि वाढला की मोठा शोधतो. त्या दिवसापासून रिकामा शंख नेणंही बंद झालं. "पुढच्या भाडेकरूला नको का?" असं म्हणून ते तोही पिशवीतून काढून घेत.

त्यांचं स्वतःचं ज्ञान म्हणाल तर सगळा आनंदच होता. तारामासा त्यांच्या मते आभाळातूनच पडलेला असायचा. समुद्रातली कासवीण म्हणजे त्यांच्या लेखी "दर्यातली देवणी". का, तर देवणी गाईसारखाच शांत स्वभाव आणि तसेच डोळे. त्यांनी तोवर कासवीण एकदाही पाहिली नव्हती. मी दुरुस्ती करायला गेलो की शांतपणे ऐकून घ्यायचे आणि पुढच्या सहलीला पोरांना तेच सांगायचे.

दिवाळीच्या एका सहलीत होडीतून खाडी ओलांडायची होती. होडीमागे पांढऱ्या पाखरांचा थवा लागला. लोक हात वर करून त्यांना शेव टाकत होते, पाखरं वरच्यावर झेलत होती, आणि जो तो टाळ्या पिटत होता. मामा आमच्या पोरांकडे वळले. "अरे, तिखट शेव हाय ती लातूरची! खाऊन तुम्हीच तांब्याभर पानी पिता. त्यांनी काय प्यावं? सगळं पानी खारं!" पोरांचे हात खाली आले. एका अनोळखी बाईंनीही पुडी बंद करून पर्समध्ये टाकली. मग सबंध खाडीभर ती पाखरं आमच्या होडीवर घिरट्या घालत मामांच्या नावानं ओरडत राहिली. मामा म्हणाले, "शिव्या देऊ द्या. पोट तर न्हाई बिघडनार."

डॉल्फिनचा प्रसंग त्याच सहलीतला. दोन होड्या करून आम्ही खोल पाण्यात गेलो. बाकीच्याही बऱ्याच होड्या आल्या होत्या. एकीकडे पाठ दिसली की सगळ्यांची इंजिनं गुरगुरत तिकडे धावायची, शिट्ट्या, आरोळ्या. मी आपला मास्तरकी करत पोरांना सांगत होतो, की हा मासा नव्हे, हवेत श्वास घ्यायला वर येतो, पिल्लाला दूध पाजतो. मामांनी माझा दंड धरला.

"दूध पाजती?"

"हो मामा."

"मग बाईमानूस हाय की!"

तेवढ्यात समोर एक मोठी पाठ वर आली आणि तिला चिकटून एक छोटी. चारी बाजूंनी होड्या वळल्या. आमचाही होडीवाला वळला. मामा उभे राहिले. होडी इतकी डोलली, की मुळेसरांनी माझ्या गळ्याला मिठी मारली.

"बंद कर इंजन."

"अहो मामा, बंद केलं तर डॉल्फिन दिसणार कसे?" होडीवाला म्हणाला.

"आपन दिसलाव की तिला. बास झालं. बाळंतिनीच्या मागं असं लागतेत का?"

होडीवाला हसला. पण त्यानं इंजिन बंद केलं. बाकीच्या होड्या लांब गेल्या आणि आम्ही पाण्यावर हेलकावत राहिलो. कुणालाच काही दिसेना. पोरं कुरकुरायला लागली. मग आमच्या होडीच्या अगदी जवळ, हात लांबवला असता तर लागली असती एवढ्या अंतरावर, ती मायलेकरं वर आली, फूस्स करून श्वास घेतला आणि गेली. कुणी ओरडलं नाही. परतताना होडीवाला स्वतःशीच म्हणाला, "इतक्या जवळ कधी आली नव्हती." मामांनी मात्र काहीच पाहिलं नव्हतं. ते डोळे मिटून बसले होते. होडीची भीती वाटत होती की दुसरं काही, ते मला तेव्हा कळलं नाही.

आता ती एप्रिलमधली सकाळ सांगतो.

मुक्काम एका लांबलचक पुळणीच्या गावी होता. आदल्या संध्याकाळी कुठल्या तरी शहरातली चार माणसं जीप थेट वाळूत घालून भरधाव फेऱ्या मारत होती. मामांना आमच्या पोरांनीही विचारलं होतं, "मामा, आपली बस न्या ना वाळूत!" मामा म्हणाले होते, "कुनाच्या घराच्या वसरीवर बस नेतेत का रे?"

पहाटे मुळेसरांनी शिट्टी मारून सगळ्यांना उठवलं. मागच्या डोंगरावर सूर्य येताना ग्रुप फोटो काढायचा होता. तांबडं फुटत होतं. पोरं डोळे चोळत वाळूवर आली, आणि देवणी गावची सुनीता नावाची एक मुलगी किंचाळली, "सर, खेकडे! किती खेकडे!"

ते खेकडे नव्हते. सुरूच्या झाडांखालची वाळू एका जागी खचली होती आणि तिच्यातून कासवाची पिल्लं उकळल्यासारखी वर येत होती. काळपट, लिंबाएवढी. वल्ह्यासारखे पाय मारत ती पाण्याकडे निघाली होती. मी हे इतकी वर्षं फळ्यावर शिकवत होतो, पण पाहिलं कधीच नव्हतं.

पण पाणी लांब होतं, आणि मध्ये त्या जीपच्या चाकांच्या खोल चाकोऱ्या होत्या. पिल्लं त्यांत कोसळत होती. एकदा पडली की भिंत चढता येईना, मग चाकोरीतूनच सरळ पुढे जात, समुद्राला आडवी, कुठेच न पोचणारी. वर कावळे जमायला लागले होते. दोन कुत्री सुरूच्या बनातून येत होती.

मामा वर रस्त्यावर बसची काच पुसत होते. ओरडा ऐकून ते पळत आले, एका पायात चप्पल, हातात ओलं फडकं. त्यांनी एकदा पिल्लांकडे पाहिलं, एकदा चाकोऱ्यांकडे पाहिलं.

"ताटं आना!"

आचाऱ्यानं ताटं आणली. आमच्या लातूर-नांदेडच्या हुशार पोरांनी, ज्यांच्या आईबापांनी त्यांना घरात पेला उचलू दिला नव्हता, गुडघ्यांवर बसून जेवणाच्या ताटांनी त्या चाकोऱ्या भरायला घेतल्या. मुळेसर मागून ओरडत होते, "अरे, सूर्योदय चाललाय!" मग त्यांच्या बुटापाशी एक पिल्लू येऊन अडलं. मुळेसरांनी खाली पाहिलं, सफारीच्या बाह्या वर केल्या आणि ताट मागितलं.

चाकोऱ्या बुजल्या तसा मामांनी दुसरा हुकूम सोडला. पोरांची एक रांग, पोरींची एक रांग, मधून पाण्यापर्यंत मोकळी वाट. "आता तोंडं तिकडं करा. बाहेर. बघायचं न्हाई."

मी पुढे झालो. "मामा, कावळे हाकायला ठीक आहे, पण बघू द्या ना. ही पोरं आयुष्यात पुन्हा हे बघणार नाहीत."

"मग एकदा न बघता सोडून द्या की, सर," मामा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. पण मी वळलो आणि रांगेत उभा राहिलो.

एवढ्यात ती जीप आली. आमची गर्दी पाहून चौघं उतरले, कॅमेरे काढले. मुलींच्या ओढण्या कावळ्यांवर फडफडत होत्या. एकजण रांगेत घुसला, एक पिल्लू उचलून तळहातावर धरलं. "मुलाला दाखवतो. बाटलीत राहील."

मामा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. "खाली ठेवा, साहेब. त्येनं आजून सोताचं घर न्हाई बघितलं. तुम्ही तुमचं दाखवायला कुठं निघालाव?"

"समुद्र काय तुमच्या बापाचा आहे?"

"न्हाई ना," मामा म्हणाले. "बापाचा असता तर दिलं असतं एखादं."

रांगेतली पोरं फिसकन हसली. तो माणूस काही तरी बोलणार होता, पण त्याच्याकडे पाठ करून उभी असलेली ती दोन रांगांची शांत पोरं पाहून त्याला काय वाटलं कोण जाणे. त्यानं पिल्लू खाली ठेवलं. आणि गंमत म्हणजे तो गेला नाही. थोडा वेळ घुटमळला, मग रांगेच्या टोकाला एक जागा रिकामी होती तिथं जाऊन उभा राहिला, बाहेर तोंड करून.

सगळ्यांनी चोरून पाहिलं असणार. मी तर पाहिलंच. सुनीता मात्र नुसती खांबासारखी ताठ उभी होती, कारण एक पिल्लू तिच्या पावलावर चढलं होतं आणि सावकाश पलीकडे उतरत होतं. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती श्वास घेत नव्हती. मामांनी एकदाही मान वळवली नाही. ते रस्त्याकडे बघत विचारत राहिले, "झालं का? गेली का?"

"गेली मामा," मी शेवटी म्हणालो.

फोटो निघाला तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. त्यात प्रत्येकाच्या हातात ताट आहे.

त्याच दुपारी परतताना घाटात बसचं पाणी तापलं. पोरं खाली उतरून करवंदं शोधायला पांगली. मामा आणि मी रस्त्याकडेच्या दगडावर चहा घेत बसलो. मला राहवेना.

"मामा, तोंडं का फिरवायला लावलीत?"

त्यांनी चहा संपवला. कप बाजूला ठेवला.

"जैतुनला बरं वाटलं असतं," ते म्हणाले.

जैतुन त्यांची बायको. भूकंपाच्या रात्री मामा एसटी घेऊन निलंग्याला मुक्कामी होते. सकाळी गावाकडे धावले. लोकांनी जैतुनमामीला ढिगाऱ्यातून जिवंत काढलं होतं. लिंबाखाली बाजेवर ठेवलं होतं. कंबरेखाली काही राहिलं नव्हतं, अंगावर कुणाची तरी चादर होती, तीही पुरी नव्हती. मदत करणारे होते, लई होते, मामा म्हणाले, देव त्यांचं भलं करो. पण बघायला आलेलेही होते. गाड्या करून आले होते. बाजेभोवती उभे राहून बघत होते. कुणी फोटो काढत होतं.

"ती मला म्हनली, यांना सांगा ना, जरा तोंड तिकडं करा म्हनून. मी सांगितलं. हात जोडून सांगितलं, सर. मागचे जायचे आन् नवे यायचे." मामा घाटाखाली बघत होते. "सोलापूरला दवाखान्यात नेली. तिथं गेली ती."

महिन्याभरानं ते कामावर परतले, तर ड्युटी त्याच रस्त्याची लागली. एके दिवशी एक प्रवासी केबिनपाशी येऊन म्हणाला, ड्रायव्हर, सगळ्यात जास्त पडलेलं गाव कुठलं हो? तिथंच उतरवा. मामांनी त्याला तिथं उतरवलं. बस डेपोत लावली आणि पुन्हा एसटीत चढले नाहीत.

मी माझा कप त्यांच्या कपाशेजारी ठेवला. मग विचारलं, "मग मामा, तुम्ही हा सहलींचा धंदा कसा काय धरलात?"

"लोक तर जानारच की, सर. बघावं वाटतंच मान्साला. लेकरांनी तर बघावंच. मंग नेनारा तरी बरा नको का?"

करवंदांनी तोंडं काळी करून पोरं परत यायला लागली. मामा उठले, बॉनेटला हात लावून पाहिला, आणि पाठमोरेच म्हणाले, "सर, ती पोचली आसतील ना?"

समुद्रात शिरलेल्या त्या पिल्लांपैकी फार थोडी जगतात. मासे खातात, पाखरं खातात, जाळ्यांत जातात. हे मी दरवर्षी शिकवतो.

"पोचली मामा."

"समदी?"

"सगळी."

मामा वळले. माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही बायोलॉजीच शिकवता ना?"

"हो."

"चांगली शिकवता," ते म्हणाले. मग फडक्यानं तोंड पुसलं, केबिनमध्ये चढले आणि पोरांना हाका मारल्या, "चला रे, बसा लवकर. घरी वाट बघून राहिलेत तुमची."